लेझरने वाकवलेल्या क्लॅड पत्र्याचे थर बेंडपाशीच पुन्हा पुन्हा सुटतात: चूक कुठे शोधायची

तक्रार साधारण अशी असते. दोन धातूंचे थर एकमेकांना जोडून केलेला क्लॅड पत्रा, म्हणजे स्टेनलेस आणि कार्बन स्टील किंवा स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम, लेझरने अनेक पासमध्ये, म्हणजे एकाच रेषेवरून बीम पुन्हा पुन्हा फिरवून, वाकवला. कोन बरोबर आला, पृष्ठभाग वितळला नाही, वरून बघता तुकडा छान दिसतो. मग कडा घासताना, भोक पाडताना किंवा काही दिवस कंपनात वापरल्यावर बेंडच्या रेषेवर, आणि बहुतेक वेळा रेषेच्या दोन्ही टोकांना, थर उघडतात. बारीक फट दिसते, कधी वरचा थर पापुद्र्यासारखा उचलतो. पत्र्याची लॉट बदलली, पॉवर थोडी वरखाली केली की महिनाभर बरं चालतं. मग पुन्हा तेच.

आम्हीही यात बरेच दिवस गेलो. आधी पत्रा देणाऱ्याला दोष दिला, मग क्लॅम्पला, मग फोकसला. शेवटी कळलं की चूक आम्हीच करत होतो. सहाव्या-सातव्या पासनंतर कोन कमी यायला लागला की आम्ही सवयीने स्पीड कमी करायचो. थर तिथून सुटायला लागले होते. कोन मोजण्याच्या साधनाला दोन थरांमधल्या जोडाचं तापमान दिसत नाही, आणि क्लॅड पत्र्यात सांभाळायचं असतं ते तेवढंच.

आधी हे ठरवा: दोष पत्र्याचा की लेझरचा

सुटलेला तुकडा हातात आला की पहिलं काम त्याच पत्र्याची, लेझर न लागलेली एक पट्टी कापण्याचं. ती प्रेसवर वाकवून बघा, एकदा एक थर बाहेर ठेवून आणि एकदा दुसरा. ती पट्टीही सुटली तर लेझरचा विषय संपला, मूळचा जोडच कच्चा आहे. स्टेनलेस क्लॅड प्लेटसाठीच्या एएसटीएम ए२६४ मानकात जोडाची शिअर ताकद किमान १४० मेगापास्कल मागितली आहे. पत्रा पातळ असेल तर ती चाचणी जशीच्या तशी बसत नाही, पण खरेदीच्या कागदावर जोडाच्या ताकदीचा आकडा मागायला लाज वाटू देऊ नका.

मूळ पट्टी टिकली आणि सुटलेली जागा बेंडच्या रेषेपासून एक-दोन स्पॉटच्या (बीमच्या ठिपक्याच्या) रुंदीतच असेल, तर दोष आपला.

इथे एक फसगत होते. नमुना तपासायला म्हणून लोक पत्रा कातरीने कापतात. कातर स्वतःच थरांना विरुद्ध दिशांनी ओढते. लेझरने आधीच ठिसूळ झालेला जोड त्या धक्क्याने उघडतो, आणि कधी चांगला जोडही कडेला थोडा उघडतो. त्यामुळे कातरीच्या नमुन्यावरून काहीच ठरवू नका. वायर कटवर किंवा हळू फिरणाऱ्या डायमंड ब्लेडवर, पाणी सोडत कापा, रेझिनमध्ये बसवा, मग पॉलिश करा. आमच्या पहिल्या पाच-सहा नमुन्यांतल्या फटी निम्म्या कातरीच्याच होत्या, असं आता वाटतं.

पत्रा वाकतो कसा, आणि जोडाला काय सोसावं लागतं

बीमखालचा पृष्ठभाग तापून फुगू पाहतो. खालचा थंड भाग त्याला फुगू देत नाही. म्हणून वरचा थर दाबाखाली कायमचा थोडा आखडतो. बीम पुढे गेला, तो भाग थंड झाला, की आखडलेला थर आकसतो आणि पत्रा बीमच्या दिशेने वर उचलला जातो. तापताना क्षणभर पत्रा उलट्या बाजूला झुकतो, ते बघून घाबरू नका. हे सगळं जमायला वर गरम आणि खाली थंड असा फरक टिकला पाहिजे. तो टिकला नाही की बेंड पडत नाही, नुसती उष्णता साठते.

आता आकडे. उष्णता एखादी जाडी पार करायला किती वेळ घेते, याचा ढोबळ अंदाज जाडीचा वर्ग भागिले धातूची उष्णता-विसरणशीलता, म्हणजे डिफ्युझिव्हिटी, असा काढता येतो. २ मिमी जाडीला ३०४ स्टेनलेससाठी तो साधारण १ सेकंद येतो, कमी कार्बनच्या स्टीलसाठी ०.३ सेकंद आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियमसाठी ०.०४ सेकंद. आपला ४ मिमी स्पॉट सेकंदाला २० मिमी वेगाने जात असेल तर एका बिंदूवर बीम ०.२ सेकंद असतो. म्हणजे तीच सेटिंग स्टेनलेसला झटपट, स्टीलला जेमतेम आणि अ‍ॅल्युमिनियमला अगदी मंद. एकसंध पत्र्याची सेटिंग क्लॅडला लावली की घोटाळा होतो, तो यामुळेच.

समजा वर ०.५ मिमी स्टेनलेस आणि खाली १.५ मिमी कार्बन स्टील आहे. उष्णतेला जोडापर्यंत पोहोचायला अंदाजे ०.०६ सेकंद लागतात. आपला बीम तिथे ०.२ सेकंद उभा आहे. सगळं स्टेनलेसच आहे असं धरून मी कागदावर मांडलं, तेव्हा बीम सरकताना जोडाची तापमानवाढ पृष्ठभागाच्या सुमारे सहा दशांश आली. स्पीड सेकंदाला ८० मिमी केला तर ती एक तृतीयांशाच्या आसपास येते. खालचं स्टील उष्णता ओढून घेतं, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून थोडे कमी असतात, पण त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

वेग वाढवला तर पृष्ठभाग पुरेसा तापणार नाही, हा प्रश्न बरोबर आहे. स्पॉट तोच ठेवला तर पृष्ठभागाचं तापमान ढोबळपणे पॉवर भागिले वेगाचं वर्गमूळ या प्रमाणात जातं. म्हणून वेग चौपट केला की पॉवर दुप्पट करा. २० मिमीला ३०० वॅट असतील तर ८० मिमीला ६००. पृष्ठभाग तेवढाच तापतो, पण पत्र्यात जाणारी ऊर्जा मिलिमीटरला १५ ज्यूलवरून साडेसात ज्यूलवर येते. एका पासला कोन कमी पडेल आणि पास वाढतील, हे आधीच मान्य करा. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, आम्हालाही पटलं नव्हतं.

कोन कमी येतोय म्हणून स्पीड कमी करू नका

पासागणिक कोन घटण्याची नेहमीची कारणं तीन. बीम नीट शोषला जावा म्हणून फवारलेला ग्रॅफाइटचा लेप पहिल्या काही पासांत जळून जातो आणि पत्रा बीम पूर्वीइतका शोषत नाही. साध्या स्टीलचा उघडा पृष्ठभाग फायबर लेझरच्या सुमारे १.०७ मायक्रॉन तरंगलांबीला एक तृतीयांशाच्या आसपासच शोषतो, त्यामुळे लेप गेला की फरक मोठा पडतो. दुसरं, बेंडच्या जागी धातू कामाने कडक होतो. तिसरं, ती जागा थोडी जाड होते. प्रेसवर वाकवताना पत्रा बेंडपाशी पातळ होतो, लेझरमध्ये उलट होतं, कारण धातू आखडून तिथेच साठतो. ही जाडी ताकदीला बरी, पण पुढच्या पासला जड.

यांतल्या पहिल्या कारणावर उपाय नवीन लेप हाच आहे. चार-पाच पासांनी थांबा, पत्रा थंड होऊ द्या, जळकी पूड पुसा आणि नव्याने फवारा. आम्ही हे न करता स्पीड कमी करत होतो. कोन परत यायचा, म्हणून उपाय लागू पडला असं वाटायचं. आत जोड मात्र दरवेळी आणखी तापत होता.

त्यात दुसरी चूक मिसळली होती, दोन पासांमध्ये न थांबण्याची. जोडापाशी दोन धातूंच्या ठिसूळ संयुगांचा थर वाढतो त्याचे दोन नियम लक्षात ठेवा. वेळेबरोबर तो वर्गमुळाने वाढतो, म्हणजे चौपट वेळेला जाडी दुप्पट. तापमानाबरोबर मात्र घातांकी वाढतो. म्हणून थंड पत्र्यावर ३० पास चालतात, पण न थांबता मारलेले १२ पास चालत नाहीत, कारण प्रत्येक पास आधीच्यापेक्षा गरम पत्र्यावर सुरू होतो आणि शेवटच्या दोन-तीन पासांचं शिखर पहिल्या पासापेक्षा कितीतरी वर जातं. खालच्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून एकदा सगळे पास नोंदवा. प्रत्येक पास सुरू होतानाचं तापमान पायऱ्यांसारखं चढताना दिसलं तर रोग सापडला. आम्ही आता ५० अंश सेल्सियसच्या खाली आल्याशिवाय पुढचा पास देत नाही. खालून कॉम्प्रेस्ड हवा सोडली की थांबण्याचा वेळ बराच कमी होतो आणि वर-खालचा तापमानफरकही वाढतो, म्हणून थोडा कोनही पदरात पडतो.

जोडाचंच तापमान हवं असेल तर खालून सपाट तळाचं छोटं भोक जोडाच्या अगदी जवळपर्यंत पाडून बारीक के-टाइप थर्मोकपल वायर स्पॉट वेल्ड करा. काम किचकट आहे, पण एका नमुन्यावर एकदा केलं की पुढचे सगळे वाद मिटतात.

कोणती बाजू वर ठेवायची, आणि कोणत्या जोडीला किती तापमान चालतं

स्टेनलेस आणि कार्बन स्टील: स्टेनलेस वर ठेवलं तर बेंड लवकर पडतो. उष्णता वरच अडकते (वाहकता साधारण १६, स्टीलची ५० वॅट प्रति मीटर-केल्विन) आणि प्रसरणही जास्त, १७ विरुद्ध १२, दोन्ही दशलक्षांश प्रति अंश. इथे जोड सहसा ठिसूळ संयुगांनी सुटत नाही. इथली दुखणी वेगळी. कार्बन स्टीलचा जोडालगतचा भाग ७२७ अंशांच्या वर गेला की तो ऑस्टेनाइट (स्टीलची गरम असतानाची रचना) होतो, आणि बाजूचा थंड धातू त्याला क्षणात थंड करतो. त्यातून बेनाइट किंवा मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलच्या कठीण रचना, तयार होतात. कार्बन कमी असेल तर नुसता कठीणपणा वाढतो, कार्बन जास्त असेल तर तडा जातो. जोडाच्या दुसऱ्या बाजूला, रोलिंगच्या वेळीच स्टीलमधून स्टेनलेसमध्ये शिरलेल्या कार्बनची एक पट्टी आधीच असते. स्टेनलेस ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ राहिलं की क्रोमियम कार्बाइड दाण्यांच्या सीमांवर जमा होतात आणि गंजरोध जातो. एका पासचे काही क्षण ३०४ ला बिघडवायला सहसा पुरेसे नाहीत. पण गरम पत्र्यावर पाठोपाठ मारलेल्या पासांनी हे क्षण साठत जातात, आणि ती कार्बन शिरलेली पट्टी सगळ्यात आधी बळी पडते. गंज दिसत असेल तर एएसटीएम ए२६२ मधली ऑक्झॅलिक आम्लाची चाचणी करा, तासाभरात उत्तर मिळतं. पुढच्या ऑर्डरला ३०४एल मागवा, त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो.

आणखी एक, थंड झाल्यावर बेंडची वरची बाजू खेचल्या अवस्थेत राहते. क्लोराइड लागणाऱ्या जागी स्टेनलेसची हीच बाजू असेल तर ताण-गंजाने तडे जाण्याचा धोका खरा आहे. तिथे कार्बन स्टील वर ठेवून, कोन कमी पडला तरी चालवून घ्या.

स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम: माझं मत पक्कं आहे, स्टीलच वर. १ मिमी अ‍ॅल्युमिनियम उष्णता सुमारे एक शतांश सेकंदात पार करते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वर असेल तर कोणताही व्यवहार्य स्पीड ठेवा, जोड पृष्ठभागाइतकाच तापणार. शिवाय उघडा अ‍ॅल्युमिनियम बहुतेक बीम परावर्तित करतो. स्टील वर ठेवलं की खालचा अ‍ॅल्युमिनियम उष्णता पसरवून जोड थंड ठेवतो. या जोडीत लोह-अ‍ॅल्युमिनियमची संयुगं तयार होतात, त्यांचा कठीणपणा १००० विकर्सच्या आसपास आणि चिवटपणा जवळजवळ शून्य. वेल्डिंग करणारे लोक हा थर १० मायक्रॉनच्या आत ठेवायचा नियम पाळतात, तोच इथे धरायला हरकत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा तोटा हळूच येतो. कामाने किंवा उष्णता-प्रक्रियेने कडक केलेली मिश्रधातू असेल तर बेंडची रेषा मऊ पडते. टी६ अवस्थेतला (उष्णता-प्रक्रियेने कडक केलेला) ६०६१ अ‍ॅल्युमिनियम दोनशे अंशांच्या वर फिरत राहिला की ताकद गमावतो. मग जोड शाबूत असूनही पत्रा तिथेच दबतो, आणि लोक पुन्हा जोडालाच दोष देतात.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम: इथे सगळ्यात जास्त फसतात. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो, म्हणून ६०० पर्यंत निर्धास्त राहतात. पण तांब्याला लागून असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा युटेक्टिक बिंदू (दोघांच्या मिश्रणाचा सगळ्यात खालचा वितळणबिंदू) ५४८ अंश आहे, म्हणजे जोड तिथेच द्रव होतो. कडेला बारीक चकचकीत थेंब दिसले तर तेच झालंय. आणि त्याच्या बऱ्याच खालीही ही संयुगं वाढत राहतात, म्हणून या जोडीला मी सगळ्यात लांब थांबे देतो.

टायटेनियमच्या क्लॅडबद्दल फक्त एवढंच: आर्गनचं आवरण नसेल तर लेझर सुरूच करू नका.

मधे प्लास्टिकचा गाभा असलेला स्टीलचा सँडविच पत्रा लेझरने वाकवायचा आग्रह काही जण धरतात. पॉलिएथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या. वरची त्वचा आकसते, गाभा लिबलिबीत होतो, खालची त्वचा तिथेच राहते आणि वरची तिच्यावरून घसरते. हलक्या कोनापुरतं, खूप थांबून जमतं. बाकी कामाला प्रेस वापरा.

फट टोकांनाच का पडते

कडेला उष्णतेला पुढे जायला धातू नसतो, म्हणून बीम बाहेर पडतो त्या टोकाला तापमान उसळतं. त्यात, वेगवेगळ्या प्रसरणाच्या दोन थरांमधला ओढाताणीचा ताण मोकळ्या कडेलाच एकवटतो. द्विधातू पट्टी तापवल्यावर किती वाकते याचं गणित तिमोशेंकोने १९२५ मध्ये मांडलं, क्लॅड पत्र्याचं दुखणं त्याच घराण्यातलं.

आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा. बीम पत्र्याबाहेर सुरू करायचा आणि पत्र्याबाहेरच थांबवायचा. दोन्ही टोकांना त्याच पत्र्याचे टाकाऊ तुकडे घट्ट टेकवून ठेवायचे, म्हणजे उष्णतेला पुढे वाट मिळते. शेवटच्या १० मिमीत स्पीड वाढवायचा. आणि एक पास डावीकडून, पुढचा उजवीकडून. शेवटच्या उपायाने बेंडची रेषा सरळ यायलाही मदत होते.

पहिल्या पासला पत्रा उलट्याच बाजूला गेला तर दोन शक्यता. स्पॉट जाडीच्या मानाने खूप मोठा आणि स्पीड कमी असेल तर पत्रा वाकण्याऐवजी लचकतो, आणि लचक कोणत्याही बाजूला पडू शकते. स्पॉट जाडीच्या जवळ आणा. नाहीतर रोलिंगमधून राहिलेला ताण उष्णतेने सुटतोय, तो पहिल्या एक-दोन पासांतच दिसतो आणि मग थांबतो.

नमुना तपासताना

स्टील-स्टेनलेसच्या पॉलिश केलेल्या छेदावर २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावा. कार्बन स्टील उठतं, स्टेनलेस तसंच राहतं, जोडाची रेषा आणि उष्णतेने बदललेला पट्टा स्पष्ट दिसतात. १०० ग्रॅम भाराने विकर्सचे (कठीणपणा मोजण्याचे) ठसे दर ०.१ मिमीवर घ्या, बेंडच्या मधोमध एक ओळ आणि बेंडपासून ५ मिमी अंतरावर एक ओळ. दोन ओळींची तुलना करायची. कुठे कडक झालं आणि कुठे मऊ, हे एका आलेखात कळतं. ठिसूळ संयुगांच्या थरावर ठसा घ्यायला जाऊ नका. १० मायक्रॉनच्या थरात २५ ग्रॅमचा ठसाही नीट मावत नाही आणि येणारा आकडा दोन्ही धातूंची सरमिसळ असतो. त्या थराची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, आणि तो सलग आहे की तुटक तेही लिहून ठेवा. तुटक थराचा जोड अजून तग धरतो, सलग झाला की तडा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ धावतो.

आधीच झालेल्या मालाचं काय, हा प्रश्न येतोच. उघडलेले थर दाबून पुन्हा तापवले तर ते चिकटत नाहीत, आत ऑक्साइड बसलेला असतो आणि संयुगांचा थर आणखी वाढतो. न उघडलेले तुकडे अल्ट्रासोनिकवर, बेंडच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागापासून सुरू करून तपासा. रेषेवर वाक असल्याने प्रतिध्वनी गोंधळाचा येतो, म्हणून चांगल्या ठरलेल्या तुकड्याचा सिग्नल शेजारी ठेवूनच निर्णय घ्या. शंका राहिलेला माल कंपन नसलेल्या जागी चालेल असं म्हणून आम्ही एकदा पाठवला होता. तोच परत आला. आता त्याच लॉटमधला एक तुकडा बळी देऊन वायर कटवर कापतो, आणि संयुगांचा थर सलग दिसला तर सगळी लॉट बाजूला काढतो.